अस्सल भागांचं खोटं घड्याळ

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेनं एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर विक्रीला काढलं. १९५७ साली स्पीडमास्टर पहिल्यांदा बाजारात आलं, त्या वेळचं हे मॉडेल, क्रमांक २९१५-१. स्टीलची केस, बाणाच्या फाळासारखा रुंद तासकाटा आणि तबकडी मूळची काळी, पण ऊन आणि दमटपणानं उतरून चॉकलेटी झालेली. लिलावाआधीचा अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. घड्याळ गेलं ३१ लाखांवर. घेणारं गिऱ्हाईक होतं खुद्द ओमेगा. कंपनीला ते आपल्या संग्रहालयात हवं होतं.

जून २०२३ मध्ये त्याच कंपनीला जाहीर करावं लागलं, की आपण फसलो. बहुतांशी ओमेगाचेच, पण वेगवेगळ्या घड्याळांतले भाग जमवून हे ‘१९५७चं’ घड्याळ उभं केलेलं होतं. ओमेगाच्या म्हणण्याप्रमाणे या प्रकरणात कंपनीचेच तीन माजी कर्मचारी होते आणि त्यांत संग्रहालयाचे माजी प्रमुखही होते. हे घड्याळ आपल्याकडे हवंच, असं वरिष्ठांना पटवून देणारेही तेच. कुंपणानं शेत खाल्लं ते असं.

अशा जोडकामाला संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. सरळसरळ नकली माल त्या मानानं बरा. त्याचं वजन हाताला हलकं लागतं, अक्षरं फिसकटलेली असतात, आतलं मशीन तर पहिल्या नजरेतच उघडं पडतं. जोडलेल्या घड्याळात मात्र ज्या भागावर बोट ठेवाल तो अस्सल निघतो. जुन्या घड्याळांच्या या बाजारात भाग अस्सल असून भागत नाही. ते कारखान्यातून एकत्र बाहेर पडलेले असावे लागतात. किमतीतली सगळी तफावत त्या एका गोष्टीची आहे.

पारखी माणूस पहिल्यांदा तबकडीकडे बघतो, आणि तबकडीवरही पहिल्यांदा अंधारात चमकणाऱ्या रंगाकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या रंगात रेडियम असे. रेडियमची तीव्रता निम्म्यावर यायला सुमारे १६०० वर्षं लागतात. त्यामुळे आकडे चमकायचे थांबून पन्नास वर्षं झाली तरी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर त्यांच्याजवळ नेला की कडकडतो. चमक जाते ती रेडियम संपल्यामुळे नव्हे. त्याच्या माऱ्यानं सोबतचं झिंक सल्फाइड निकामी होतं म्हणून. पुढे ट्रिशियम आलं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम बारा वर्षांचं, म्हणजे साठ वर्षांत बत्तिसावा हिस्सा उरतो. ते वापरलेल्या तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी बारीक अक्षरं सापडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीला आलेला नवा रंग किरणोत्सारी नाही. तो उजेड पिऊन घेतो आणि अंधारात लखलखतो. १९५७चं म्हणून दाखवलेलं घड्याळ दिवा मालवल्यावर झगमगायला लागलं, तर रंग नंतर भरलेला आहे एवढं नक्की.

काट्यांवरचा रंग आणि आकड्यांवरचा रंग सारखाच म्हातारा झालेला दिसायला हवा. एक पांढुरका, दुसरा मधासारखा पिवळा, असं दिसलं की काटे बाहेरून आले असावेत असा वहीम घ्यायचा. मला सगळ्यात आवडणारी खूण वेगळीच आहे. रेडियमचे काटे लावलेलं घड्याळ कपाटात वर्षानुवर्षं एकाच वेळेवर बंद पडून राहिलं, की काट्यांच्या खालची तबकडी भाजल्यासारखी काळवंडते. डाग आहे पण त्याच्या मापाचे काटे नाहीत, तर कुणीतरी ढवळाढवळ केलेली आहे. अर्थात खोटं म्हातारपण आणणारे कारागीरही कमी नाहीत. नवा रंग मुद्दाम पिवळसर कालवून भरला जातो.

मग कागदपत्रं. सँतिमिए गावातल्या लाँजिनकडे १८६७ पासूनच्या नोंदवह्या आहेत. मशीनवरचा क्रमांक कळवला, तर ते घड्याळ कोणत्या तारखेला कोणत्या देशाच्या एजंटाच्या नावे लागलं ते कंपनी सांगते. पाटेक फिलिपही असा उतारा देते. पण असा उतारा क्रमांकाबद्दल बोलतो. आज समोर असलेली तबकडी तीच का, हे त्याला माहीत नसतं. जिनिव्हाच्या त्या स्पीडमास्टरच्या मशीनचा क्रमांक, मॉडेल आणि विक्रीची तारीख ओमेगाकडून पडताळून घेतली होती, असं फिलिप्सनं नंतर सांगितलंच.

म्हणून मालकीची साखळी लागते. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्याच्या मागच्या झाकणावर, गाडी सांभाळून चालव, असं पत्नी जोअन वुडवर्डनं कोरून घेतलं होतं. पुढे न्यूमननं ते मुलीच्या मित्राला दिलं आणि विकायला काढलं ते त्यानंच. मधे दलाल नाही, गाळलेली वर्षं नाहीत. गंमत म्हणजे या डेटोनाची नक्षीदार आकड्यांची तबकडी नवी होती तेव्हा दुकानांत पडून राहत असे.

मुंबईत या सगळ्याला निराळं वळण मिळालं. फावर-ल्यूबा ही स्विस घड्याळकंपनी १८६५ पासून मुंबईत होती आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचा तर जन्मच इथला, १८८६चा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं निघायला लागली, तरी वडिलांनी दिलेलं स्विस घड्याळ टाकून देण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. दमट हवेनं तबकडीवर डाग पडले की घड्याळजी ती रंगवून आणून देई, केस पॉलिश करी, झिजलेला भाग दुसऱ्या मशीनमधून काढून बसवी. गिऱ्हाईक खूश, घड्याळजीही खूश. त्यात फसवणूक कुठे होती? संग्राहकाच्या लेखी मात्र त्या प्रेमळ डागडुजीत घड्याळाची किंमत धुऊन गेली.

फसवणूक नंतर शिरली. फावर-ल्यूबाचं सी किंग किंवा सी चीफ मॉडेलचं घड्याळ, कारखान्यानं कधी न काढलेल्या भडक निळ्या-नारिंगी तबकडीत सजवून ‘जुनं, जसंच्या तसं’ म्हणून जगभर विकलं जाऊ लागलं, आणि परदेशी संग्राहकांनी त्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलं. भिंगातून बघितलं की ही तबकडी चटकन सापडते. कारखान्याच्या छपाईत अक्षर उठावदार आणि कडेला धारदार असतं. इथे शाई पसरलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांपासून सरकलेल्या, आणि तळाचा ‘स्विस’ शब्द कडेखाली अर्धा गेलेला. केसच्या ज्या शिंगांना पट्टा अडकतो, त्यांच्या कडा पॉलिशनं साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात.

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर असं घड्याळ हातात आलं, तर रोज वापरायला ते घेऊ नये असं मी म्हणणार नाही. रंगवलेली तबकडी आहे हे दुकानदारानं सांगावं आणि भाव त्या हिशेबानं लावावा, एवढंच. पण तो ‘ओरिजिनल’ म्हणून वरचे पैसे मागत असेल, तर आधी मागचं झाकण उघडायला सांगा. टाळाटाळ करू लागला तर पुढचं दुकान फार लांब नसतं.