वहिवाटीचा डोंगर

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातील सरोवरांच्या प्रदेशात केझिक नावाचे पाचेक हजार वस्तीचे एक गाव आहे. दक्षिणेस डरवेंटवॉटर हे झाडीने भरलेल्या बेटांचे सरोवर, उत्तरेस तीन हजार फुटांहून किंचित उंच असा स्किडॉ पर्वत, आणि या दोहोंच्या मध्ये करड्या दगडांची घरे असलेली ही जुनी बाजारपेठ. शेजारच्या बॉरोडेल खोऱ्यात पूर्वी ग्रॅफाइट निघत असे, आणि त्यावर येथे पेन्सिलींचा धंदा उभा राहिला होता. पण आज दरसाल येथे जो लोकसमुदाय लोटतो तो पेन्सिलींसाठी नव्हे, तर पाणी, डोंगर आणि त्यांवर क्षणोक्षणी पालटणारा उजेड पाहण्यासाठी.

हे सौंदर्य कवींनी राखले, असा एक गोड समज रूढ आहे. केंडलहून विंडरमिअरकडे येऊ घातलेल्या लोहमार्गाविरुद्ध 1844 साली वर्ड्‌स्वर्थने सुनीत लिहिले आणि वर्तमानपत्रांतून निषेधपत्रेही प्रसिद्ध केली, हे खरे. परंतु 1847 साली आगगाडी व्हायची ती सुरू झालीच. पुढल्या पिढीत ज्यांनी असली संकटे परतवून लावली, त्यांच्यापाशी काव्यशक्ती बेताचीच होती. दप्तर नीट ठेवण्याची सवय आणि माघार न घेण्याचा हट्ट मात्र मुबलक होता.

हार्डविक रॉन्सली हे पाद्री 1883 साली केझिकलगतच्या क्रॉसथ्वेट चर्चचे धर्मोपदेशक म्हणून आले, आणि त्याच वर्षी एका पाटीदगडाच्या कंपनीने आपल्या डोंगरातील खाणीचा माल उतरविण्यासाठी डरवेंटवॉटरच्या पश्चिम अंगाने रूळ टाकण्याचा मनसुबा जाहीर केला. रॉन्सलींनी सभा भरविल्या, पत्रांचा वर्षाव केला, देशभरच्या प्रतिष्ठितांच्या सह्या मिळविल्या, आणि अखेर तो बेत मागे घेण्यात आला. स्वतः ते सुनीतांचे मोठे कारखानदार होते, पण या कामी उपयोगी पडली ती त्यांची पत्रे, असे मला वाटते.

तथापि केझिकची खरी कसोटी लागली ती लॅट्रिगवर. लॅट्रिग ही स्किडॉच्या पायथ्याची बुटकी टेकडी. गावातून निघालेला म्हाताराही तासाभरात तिच्या माथ्यावर पोहोचावा, इतकी सोपी. मात्र जमीन खाजगी होती, आणि जमीनदाराने नवी झाडे लावून, फाटके ठोकून पूर्वापार चालत आलेल्या वाटा बंद केल्या. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या पाऊलवाटेवर गावकरी वहिवाटीचा हक्क सांगतात, तसाच हक्क इंग्रजी कायद्यातही आहे: जमीन धन्याची, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या बिनहरकत चालत आले असतील तर वाट सर्वांची. मेख एवढीच की हा हक्क कागदापेक्षा पायांवर अधिक अवलंबून असतो. बंद फाटकापाशी येऊन लोक निमूटपणे परत फिरू लागले, की वाट मोडते, ती चाललेली माणसे म्हातारी होऊन जातात आणि साक्षीला कोणी उरत नाही. म्हणून केझिकच्या पाऊलवाट-संरक्षण मंडळाने अर्जविनंत्यांचा मार्ग संपल्यावर, आधी नोटीस देऊन, चालत जाण्याचेच ठरविले. 1 ऑक्टोबर 1887 रोजी सुमारे दोन हजार माणसे लॅट्रिग चढून गेली. आघाडीस प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहिणारे जेंकिन्सन होते, आणि मागे दुकानदार, कारागीर व कुटुंबकबिला. अध्यक्ष रॉन्सली त्या दिवशी नेमके हजर नव्हते. धर्मोपदेशकाने फाटके मोडताना दिसू नये, हा पोक्त विचार त्यामागे असल्यास नवल नाही. प्रकरण कार्लाइलच्या न्यायासनापुढे गेले आणि 1888 साली तडजोडीने मिटले. मंडळाला सारे मिळाले नाही, पण स्पूनी ग्रीन लेनवरून माथ्याकडे जाणारी वाट सर्वांस खुली राहिली. आजही गावातून स्किडॉकडे निघणारे बहुतेक लोक त्याच वाटेने जातात.

वाटेचा हक्क मिळाला तरी भोवतालची जमीन विकली जाऊन तिच्यावर बंगले उठण्याची धास्ती राहतेच. रॉन्सलींनी ऑक्टेव्हिया हिल आणि वकील रॉबर्ट हंटर यांच्यासह 1895 साली नॅशनल ट्रस्ट स्थापन केला, तो या धास्तीपोटी. डरवेंटवॉटरच्या पश्चिम तीरावरील ब्रँडलहाउ हे 108 एकरांचे रान विक्रीस निघाले, तेव्हा केवळ वर्गणीतून 6,500 पौंड उभे राहिले. देणगीदारांत कारखान्यांतील मजूरही होते, ज्यांच्या वाट्याला ते सरोवर आयुष्यात एखादे वेळी येणार, कदाचित येणारही नाही. 1902 च्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया राणीची कन्या प्रिन्सेस लुईज हिच्या हस्ते ते रान लोकांस खुले झाले. ट्रस्टचे मानद चिटणीसपद रॉन्सलींनी मृत्यूपर्यंत, म्हणजे 1920 पर्यंत, बिनपगारी सांभाळले. आणि पुढे दोन वर्षांनी सरोवरकाठचा फ्रायर्स क्रॅग हा कडा त्यांचे स्मारक म्हणून ट्रस्टकडे आला.

सरकार फार मागाहून आले: राष्ट्रीय उद्यान 1951 साली, जागतिक वारशाचा शिक्का 2017 साली.

आता मात्र गोष्ट उलटली आहे. ज्या पायांनी वाटा वाचविल्या तेच पाय, लाखोंच्या संख्येने, डोंगर झिजवीत आहेत. बुटांखाली गवत मरते, माती उघडी पडते, तिच्यातून पाणी ओहोळासारखे धावते, आणि पाचसहा हातांची वाट बघता बघता घळ होते. बॉरोडेलच्या टोकाशी असलेली सीथवेट ही वस्ती इंग्लंडमधील सर्वांत पावसाळी वस्ती समजली जाते. महाबळेश्वरच्या पावसापुढे तो पाऊस थोडा, पण तो बारमाही. या धूपेवर उपाय म्हणून ‘फिक्स द फेल्स’ हा उपक्रम चालतो. हेलिकॉप्टरने दगडांच्या गोण्या वर नेतात, आणि जुन्या लमाणी वाटांच्या धर्तीवर मोठाले दगड जमिनीत खोल रोवून फरसबंदी करतात. ते काम पगारी जाणत्यांचे. स्वयंसेवकांचे काम त्याहून साधे, आणि कोणी छायाचित्र काढावे असे त्यात काही नाही. वाटेला आडवे खोदलेले दगडी पाट गाळाने बुजतात. ते बुजले की पाणी वाटेवरूनच वाहू लागते व सारी फरसबंदी उखडते. म्हणून हे लोक, ज्यांत पेन्शनर पुष्कळ, खांद्यावर फावडे टाकून डोंगर चढतात, एकेका पाटातील खडी उपसून कडेला टाकतात आणि पुढल्या पाटाकडे वळतात. या फेरीला त्यांच्यात ‘ड्रेन रन’ म्हणतात. पाऊस पडत असला तर ते अधिक पसंत करतात. कोणत्या पाटाचे पाणी कुठे चुकते आहे, ते तेव्हाच दिसते.