इंजिन थांबलं, विमान नाही

5 मार्च 2015. सांता मोनिका विमानतळावरून हॅरिसन फोर्ड, ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो, 1942 सालचं रायन बनावटीचं दोन आसनी विमान घेऊन उडाला आणि थोड्याच वेळात इंजिनानं दगा दिला. परत धावपट्टी गाठायला उंची पुरेना. मग त्यानं जवळचं गोल्फचं मैदान धरलं. झाडाच्या शेंड्याला धडकून विमान आदळलं; फोर्ड जबर जखमी झाला, पण वाचला.

इंजिन गेलं की विमान दगडासारखं कोसळतं, हा समज बहुधा सिनेमांनीच पोसलेला! पंखांवरून हवा वाहती राहिली, तर ते तरंगत उतरतं. सेसना 172 हे छोटं विमान ताशी सुमारे 120 किलोमीटर वेग राखून 300 मीटरवरून साधारण अडीच किलोमीटर जातं. त्यासाठी नाक खाली झुकवावं लागतं. घाबरून ते वर ओढलं, की वेग मरतो आणि पंखांची उचलच संपते. मागे वळण्याचा मोहही महागात पडतो, कारण वळण उंची खातं.

फोर्डच्या विमानात कार्ब्युरेटरचा मुख्य जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारा भाग, आट्यांतून सुटला होता. इंधन जास्त, हवा कमी. खांद्याचा पट्टाही चुकीचा बसवलेला निघाला. जखमा वाढल्या त्या त्यामुळे.