आधी जमीन कोणाची ते सांगा

कुणाला गावचा तलाव उपसायचा असतो, कुणाला टेकडीवर झाडं लावायची असतात, कुणाला हिरन नदीचा घाट साफ करून तिथे संध्याकाळी बसायला पार बांधायचा असतो. सिहोरा तहसिलीतली मंडळी अशी कामं घेऊन माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न करतात, "दीदी, अनुदान कुठून मिळेल?" मी त्यांना उलट विचारते, जमीन कोणाची आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. तलाव 'गावचा' आहे, टेकडी 'सरकारी' आहे, एवढंच उत्तर मिळतं. ही 'सरकारी' जमीन महसूल खात्याची, वन खात्याची की पुरातत्त्व खात्याची, हे कळल्याशिवाय अर्जाचा पहिला रकानाही भरता येत नाही.

माझी सगळी नोकरी जनपद पंचायतीच्या लेखा शाखेत गेली. तुमच्याकडे पंचायत समिती, आमच्याकडे जनपद. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं जबलपूर भागातल्या कितीतरी मराठी घरांचं चालतं. निवृत्तीनंतर मी गावच्या समित्यांना आणि शाळांना प्रस्ताव लिहून देते, त्यांचे हिशेब तपासते. निसर्ग राखायला आणि माणसांना मोकळ्यावर फिरायला जागा मिळवून द्यायला देशात पैसा कमी आहे, असं मला वाटत नाही. त्या पैशाची दारं वेगवेगळी आहेत, आणि कोणतं दार कुणासाठी उघडतं ते जमिनीच्या नोंदीवरून ठरतं.

गेल्या उन्हाळ्यात एका गावच्या तलावाचं काम आलं. खोलीकरण, भोवती पायवाट, सावलीची झाडं आणि दोन बाकं, एवढी साधी मागणी होती. आम्ही पटवाऱ्याकडे गेलो. त्याने कापडावरचा जुना नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीच्या टोकाने तलावाची कड दाखवत गेला. पाण्याचा पसारा एका खसरा नंबरात, नोंद 'तालाब'. पश्चिमेची पाळ दुसऱ्या नंबरात, तीही शासनाची. पण उत्तरेचा कोपरा, जिथे समितीने पायवाट आखली होती, तो एका शेतकऱ्याच्या नावावर निघाला. समितीतली तरुण मुलं गप्पच झाली. त्यांनी तिथे खुणेचे दगडही रोवले होते. शेवटी पायवाट तलावाला पूर्ण वेढा न घालता तीन बाजूंनी न्यायची ठरली आणि नकाशा नव्याने काढला. हा प्रस्ताव तसाच पुढे गेला असता, तर पाहणीच्या दिवशीच परत आला असता.

खसरा म्हणजे तुमच्या सातबाऱ्यासारखाच कागद. त्याच्या जोडीला आणखी दोन कागद असतात. 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. गावाने गुरं कुठे चारायची, जळण कुठून आणायचं, पाणी कुठून घ्यायचं, कोणती वाट वापरायची, हे परंपरेचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. विदर्भातल्या वाचकांना निस्तार नवा नाही. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती आणि ही पद्धत त्याच काळातून आलेली आहे. एखाद्या टेकडीवर गावाची वहिवाट निस्तार पत्रकात नोंदलेली असेल तर प्रस्तावाला केवढं बळ येतं! अतिक्रमण झालं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपालसिंग खटल्यातला निकालही हाताशी ठेवावा. गावाच्या सामाईक जमिनीवरची आणि तळ्यांवरची अतिक्रमणं हटवण्याची व्यवस्था करा, असं न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

जमीन पंचायतीच्या ताब्यातली किंवा महसुलाची असेल तर पहिलं दार पंचायतच. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला 60 टक्के बांधील होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. तलावाचं काम या चौकटीत सहज बसत होतं, पण बाकं बसत नव्हती. 24 एप्रिल 2022 ला सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत दर जिल्ह्यात 75 तलावांचं लक्ष्य होतं, किमान एक एकर क्षेत्र आणि दहा हजार घनमीटर साठा अशी अट होती. तिला स्वतःचा वेगळा पैसा नव्हता, चालू योजनांचा पैसा एकत्र आणून ती उभी केली होती. प्रस्ताव लिहिणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. एकाच अनुदानातून सगळं काम होईल असं धरून चालू नये. खोदाई एका योजनेतून, झाडं दुसरीतून आणि बाकं लोकवर्गणीतून, अशी जुळणी करावी लागते.

वनजमिनीवरचं काम असेल तर वाट पुरती वेगळी. तिथे पंचायतीचा ठराव घेऊन पक्कं बांधकाम करता येत नाही, 1980 चा वन संरक्षण कायदा आडवा येतो, आणि तो यावाच. धरणं, रस्ते, खाणी यांसाठी जंगल जातं तेव्हा त्याची भरपाई म्हणून वसूल केलेला पैसा 2016 च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याखाली जमा होतो. लोक त्याला 'कॅम्पा' म्हणतात. त्यातला 90 टक्के राज्याकडे आणि 10 टक्के केंद्राकडे राहतो. गावाला कॅम्पाकडे थेट अर्ज करता येत नाही. वन खात्याच्या वार्षिक कार्ययोजनेत काम बसवून घ्यावं लागतं. त्यासाठी गावच्या वन समितीचा ठराव करून रेंजरसाहेबांना वेळेत भेटायचं. मध्य प्रदेशात संयुक्त वन व्यवस्थापनाच्या या समित्या 1991 पासून आहेत. कितीतरी गावांत त्या कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात झोपलेल्या असतात. आधी त्यांची बैठक बोलवा.

पुरातत्त्वाची जागा असेल तर हात आणखी आवरावा लागतो. सिहोऱ्याहून बहोरीबंदच्या वाटेने गेलं की कैमूरच्या पायथ्याशी रूपनाथ आहे. कड्यावरून उतरणाऱ्या पाण्याची एकाखाली एक तीन कुंडं, राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या नावांची. खालच्या कुंडाशेजारी एका सुट्या शिळेवर सम्राट अशोकाचा लघु शिलालेख कोरलेला आहे. पूर्वी हा भाग जबलपूर जिल्ह्यात होता, 1998 मध्ये कटनी वेगळा झाल्यापासून तिकडे गेला. पावसाळ्यात तिथे गेलेला माणूस परतताना हेच म्हणतो की इथे चांगली पायवाट, स्वच्छतागृह आणि कचऱ्याची सोय हवी. पण संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. म्हणून सोयी बाहेर उभ्या करायच्या आणि आत फक्त राखायचं. स्मारकासाठीच देणगी मिळवायची असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने 1996 मध्ये स्थापन केलेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे. देणगी कोणत्या स्मारकावर खर्च व्हावी हे तिथे दात्याला ठरवता येतं.

आता आमच्या भागाच्या सगळ्यात जवळच्या पैशाबद्दल. सिहोरा आणि गोसलपूरच्या पट्ट्यात लोहखनिज आहे, मँगनीज आहे. खाणींचे ट्रक गेले की रस्त्याकडेच्या पळसाच्या पानांवर लाल थर बसतो आणि पहिल्या पावसापर्यंत तो निघत नाही. ज्या गावांनी ही धूळ खाल्ली, त्यांच्यासाठीच 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणलं. खाणवाल्याला सरकारला द्यायच्या स्वामित्वशुल्काखेरीज आणखी रक्कम इथे भरावी लागते: जुन्या खाणपट्ट्यांवर त्या शुल्काच्या 30 टक्के, लिलावाने दिलेल्यांवर 10 टक्के. हा पैसा जिल्ह्यातच राहतो. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातला किमान 70 टक्के उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्चायचा असतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्यासोबत पर्यावरण रक्षण आणि प्रदूषण नियंत्रणही त्या यादीत आहे. खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतली गावं थेट बाधित धरली जातात.

तरीही गावांकडून या निधीसाठी येणारे प्रस्ताव माझ्या पाहण्यात बहुतेक रस्त्यांचे, खोल्यांचे आणि सभामंडपांचे असतात. खाणीमुळे बुजलेला नाला मोकळा करणं, सोडून दिलेल्या खड्ड्याच्या कडेला सुरक्षित कठडा आणि झाडी उभी करणं, मुलांना धुळीपासून लांब खेळायला मैदान देणं, अशी मागणी क्वचितच दिसते. हे मला मनापासून खटकतं. ज्या जमिनीतून संपत्ती उपसली, तिच्या पोटातली जखम भरायला त्याच संपत्तीचा वाटा वापरावा, यापेक्षा रास्त मागणी कोणती?

अमेरिकेने हाच विचार कायद्यात आणला. जमीन आणि जलसंवर्धन निधी नावाचा कोष त्यांनी 1964 च्या कायद्याने उभा केला. त्यात मुख्यतः समुद्रातून काढलेल्या तेलाच्या आणि वायूच्या शुल्काचा पैसा येतो आणि त्यातून जंगलं, उद्यानं, नदीकाठ, अगदी छोट्या गावांची क्रीडांगणंही होतात. 2020 च्या कायद्याने या कोषाला दरवर्षी 90 कोटी डॉलर कायमचे बांधून दिले. स्थानिक संस्थेला खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं, उरलेलं तिने उभं करायचं. त्यांची एक अट मला फार आवडते: या पैशातून केलेली जागा पुढे कायम लोकांच्या मोकळ्या वावरासाठीच राखावी लागते. ती दुसऱ्या कामाला वळवायची तर तेवढ्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते. आपल्या खनिज प्रतिष्ठानाच्या कामांना अशी अट लावली तर आज केलेलं मैदान दहा वर्षांनी गोदाम होणार नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा सगळ्यांना माहीत असतो. कंपनी कायद्याचं कलम 135, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. पर्यावरण आणि ग्रामीण खेळ दोन्ही त्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. पण नव्याने नोंदलेल्या संस्थेला तो लगेच मिळत नाही. 12-अ आणि 80-जी ची नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्जाची नोंद, एवढं लागतं. परदेशी अनुदानाला विदेशी योगदान नियमन कायद्याची परवानगी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावं लागतं. चार माणसांच्या गावसमितीने या फंदात पडू नये. ज्या संस्थेकडे हे कागद आहेत, तिच्याशी लेखी करार करून काम करावं.

मंजुरीनंतरचं काम हिशेबाचं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. प्रत्येक बिलावर तारीख, कामाचं नाव आणि ठरावाचा क्रमांक त्याच दिवशी लिहावा. फोटो काढताना जागेचे अक्षांश-रेखांश येतील अशी सोय मोबाईलवर करून घ्यावी. कामाआधीचा फोटो काढायचा राहिला तर तो नंतर मिळवता येत नाही.

आणि देखभाल. एका कंपनीने आमच्या भागात मोठा समारंभ करून रोपं लावली, फलक लावला, फोटो काढले. पाणी घालायला माणूस ठेवण्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. वैशाखात फलक तेवढा उभा होता. तेव्हापासून मी अंदाजपत्रकात तीन वर्षांचं पाणी, राखणदार आणि दुरुस्ती यांची ओळ घातल्याशिवाय प्रस्तावावर हात ठेवत नाही. देणारा ती ओळ कापायला सांगतो, तेव्हा रोपांची संख्या कमी करा, ही ओळ राहू द्या, असं मी म्हणते. त्यापुढचा टप्पा म्हणजे जागेनेच आपला खर्च कमवावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने ते दाखवून दिलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 पासून तिथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले आणि कासव राखणं गावाच्या मिळकतीशी जोडलं गेलं.

तुमच्या मनात असं एखादं काम असेल तर या आठवड्यातच खसऱ्याची किंवा सातबाऱ्याची नक्कल काढा. निस्तार पत्रक असेल तर तेही मागा आणि जागेचे आजचे फोटो काढून ठेवा. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. त्या सभेत तुमचं काम, खसरा नंबरासकट, ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.