मांजराचा फुफ्फुसदाह

मांजर आपले दुखणे सहसा लपविते. ते कोपऱ्यात बसून राहिले, अन्नाला शिवेनासे झाले आणि तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागले, म्हणजे फुफ्फुसदाहाची, अर्थात न्यूमोनियाची, शंका घ्यावी. या रोगाची कारणे अनेक आहेत. पिलांना बहुधा सर्दीचे विषाणू प्रथम गाठतात. त्यांनी श्वासमार्ग दुर्बळ केला, की मागाहून जीवाणू फुफ्फुसांत शिरतात. कधी बुरशी, तर कधी कृमीही कारणीभूत होतात. फुफ्फुसकृमीच्या अळ्या गोगलगाईच्या शरीरात वाढतात. ती गोगलगाय उंदराने खाल्ली व तो उंदीर मांजराने खाल्ला, की अळ्या मांजराच्या फुफ्फुसांत पोहोचतात. जीवाणूंवरील औषध विषाणूंवर वा कृमींवर चालत नाही. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याकडून कारण शोधून घ्यावे. मुक्या जिवाची व्यथा ओळखणे, हे त्याला पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.