माठ वाजवून घेणं : संशोधनात भरवशाचं माणूस कोण?

उन्हाळा लागला की धाराशिवच्या बाजारात माठ येतात. घेणारा प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. माठ उचलतो, टिचकी मारतो आणि कान देतो. खणखणीत वाजला तर भाव विचारायचा, भद्द आवाज आला तर खाली ठेवायचा. कुंभारदादा यावर रागावलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. उलट ते स्वतःच वाजवून दाखवतात.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात आलेला एका विद्यार्थिनीचा मेसेज. 'ताई, पीएचडीच्या मुलाखतीत तुमचा एक गुण सांगा म्हणाले. मी प्रामाणिकपणा सांगितला. लगेच पुढचा प्रश्न आला, कशावरून? मला काहीच सुचलं नाही.'

खरं सांगू? मलाही सुचलं नसतं. आपण सगळे स्वतःला प्रामाणिक समजतो आणि बहुतेक वेळा असतोही. पण 'कशावरून' हा प्रश्न वेगळाच आहे, आणि संशोधनात रोज तोच विचारला जातो. म्हणून आजचा लेख पद्धतीवर किंवा सॉफ्टवेअरवर नाही, माणसावर आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या तेरपासून करू. तेर म्हणजे जुनं तगर, आणि तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. तिथली एक कथा तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईंना तिथे थापटणं दिसलं. हे कशाला, असं त्यांनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, गोरोबा म्हणाले. मग आमचीही मडकी तपासा, असं मुक्ताबाई म्हणाल्या, आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. बाकी सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं. पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू मिळाले.

ही कथा घडली की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे, तो बाजूला ठेवू. मला तिच्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. नामदेवांची भक्ती खोटी होती असं गोरोबा म्हणत नाहीत. त्यांना कच्चेपणा दिसला तो थापटणं लागल्यावर नामदेव जसे वागले त्यात. म्हणजे खरं असणं ही एक गोष्ट झाली, आणि स्वतःला तपासू देणं ही दुसरी. पहिली आपल्यात आहे असं आपण गृहीत धरतो, दुसरीचा सराव कोणी करून घेत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायला मला दोन वर्षं लागली.

माझं काम विहिरींच्या पाण्यावर आहे. ४२ विहिरी, दर पंधरा दिवसांनी एक फेरी. टेप खाली सोडायची, टोक पाण्याला लागलं की बीप वाजते, काठावरच्या खुणेपासून किती मीटर ते वहीत लिहायचं. नोंदी पेन्सिलने, कारण पावसात शाई फुटते. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका फेरीत पेन्सिल कुठेतरी पडली, म्हणून पुढच्या नोंदी पेनाने केल्या. त्याच दिवशी ओढ्याला पाणी आलं आणि ओढ्यापलीकडच्या १७ नंबरच्या विहिरीवर जाता आलं नाही. संध्याकाळी खोलीवर आले, वही उघडली. ४१ आकडे भरलेले आणि एक रकाना रिकामा. आदल्या फेरीला तिथे ६.८५ मीटर होतं. आसपासच्या विहिरींना साधारण ४५ सेंटिमीटर पाणी चढलं होतं. मी ६.४० लिहिलं आणि वही मिटली.

त्या क्षणी यात खोटं काही केलं असं वाटलंच नाही, हे मुद्दाम सांगते. 'अंदाज' वाटला. शास्त्रीय अंदाज!

काही महिन्यांनी माझ्या गाईड मॅडमनी एक्सेल बाजूला ठेवून मूळ वही मागितली. पानं उलटता उलटता सहज म्हणाल्या, 'इथून पेन का?' साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं, पेन्सिल पडली. पण मी काय म्हणाले असेन? 'मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का?' आवाजही चढला होता. त्या काही बोलल्या नाहीत, बोट त्याच पानावर ठेवून बसल्या. मग मी सांगून टाकलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, 'पेनाने लिहिलेल्या बाकीच्या दहा?' त्या खऱ्या आहेत, मी म्हणाले. 'कशावरून?'

बघा, तोच प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोंदीपुढे वेळ लिहिलेली नव्हती, फोटो नव्हता, सोबत कोणी नव्हतं. होतं ते फक्त माझं तोंडी म्हणणं, आणि त्याची किंमत मीच पाच मिनिटांपूर्वी घालवली होती. आम्ही ११ नोंदी काढून टाकल्या. त्यातल्या दहा मी चिखल तुडवत, खरोखर टेप सोडून घेतल्या होत्या. एका खोट्या आकड्याने दहा खरे आकडे नेले.

याहून मोठी चूक मला नंतर उमगली. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्यात पाणी सगळीकडे सारखं नसतं. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये ते साठतं. त्यामुळे एका बांधावरच्या दोन विहिरीसुद्धा वेगळ्या वागू शकतात. माझ्या कामाचा एक प्रश्नच हा होता की ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी सारखं चढतं का. आणि मी काय केलं? अलीकडच्या विहिरी ४५ सेंटिमीटरने चढल्या म्हणून पलीकडचीही तेवढीच चढवली. जे शोधायचं होतं, तेच मी गृहीत धरून विदा म्हणून लिहिलं. बनवलेला आकडा नेहमी असाच असतो. तो आपल्याला हवं तेच बोलतो, कारण तो आपल्या डोक्यातूनच आलेला असतो.

आणखी एक. पुढच्या फेरीला १७ नंबरच्या विहिरीचे मालक मला म्हणाले होते, 'मागल्या टायमाला तुम्ही आलाच न्हाईत. वढ्याला पाणी व्हतं न्हवं?' मी 'हो' म्हणून टेप सोडली. म्हणजे तो आकडा खोटा आहे हे ओळखू शकणारा एक माणूस पहिल्या दिवसापासून होता. फक्त त्यांना कोणी वही दाखवली नव्हती.

याच काका लोकांकडून मी भरवसा म्हणजे काय ते शिकले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर मोजलेली पातळी खोल दिसते, म्हणून प्रत्येक विहिरीवर विचारावं लागतं, मोटार कधी बंद केली? काही जण प्रत्येक वेळी उत्तर देतात, ठणठणीत. एक आजोबा मात्र तिसऱ्या फेरीला म्हणाले, 'मला न्हाई ठाव ताई, मी परवापासून लेकीकडं व्हतो. पोराला इचारा.' त्या दिवसापासून त्यांनी 'रात्री दोनला बंद केली' म्हटलं की मी डोळे झाकून लिहिते. ज्याला 'माहीत नाही' म्हणता येतं, त्याच्या 'माहीत आहे'ला वजन येतं. तुमच्या मुलाखतीतही हे लागू पडतं. समोरच्यांनी काहीतरी अवघड विचारलं आणि तुम्ही गोल गोल उत्तर दिलं, तर त्यांना ते कळतं. त्यांनी अशी शेकडो उत्तरं ऐकलेली असतात.

पण नुसता स्वभाव चांगला असून भागत नाही. चांगल्या स्वभावाचे लोकही स्वतःला फसवतात. म्हणून जाणते संशोधक अशी व्यवस्था लावतात की आपल्यावर विश्वास ठेवायची वेळच कोणावर येऊ नये. आपल्याकडचं याचं छान उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी. ती २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं अशा २०० जणांच्या पत्रिका घेतल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या, कोणती कोणत्या गटातली ते ओळखायचं. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याच्याच आसपास.

निकालाची चर्चा खूप झाली. मला त्यातली मांडणी जास्त आवडते. नारळीकर आणि दाभोलकर फलज्योतिषाचे टीकाकार, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. 'आम्ही निःपक्षपाती आहोत' असं सांगून कोण ऐकणार? त्यांनी ते सांगत बसण्याऐवजी पत्रिकांना सांकेतिक क्रमांक दिले आणि यादी पुणे विद्यापीठात वेगळी ठेवली. कोणती पत्रिका कोणाची, हे उत्तरं येईपर्यंत ज्योतिषांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. आपलं मत आड येऊ शकतं हे मान्य करून त्याला दाराबाहेर ठेवणं, हा मला तरी मोठाच गुण वाटतो.

उलटं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांनी सुमारे २५ वर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर शोधनिबंधांचा रतीब घातला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की त्यातले कित्येक नमुने हिमालयातले नव्हतेच, दुसऱ्या देशांत सापडणारे होते. या निबंधांना सहलेखक भरपूर होते, आणि 'हा दगड नेमका कुठे सापडला, जागा दाखवा' हा प्रश्न त्यांच्याकडून वेळेवर पुढे आला नाही. सज्जनपणा म्हणून प्रश्न गिळणं, याला मी भरवशाचा गुण धरत नाही. तुमच्या लॅबमधल्या सीनियरला 'मूळ नोंद बघू का?' असं विचारायची हिंमत हवी, आणि तसंच कोणी आपल्याला विचारलं तर वही पुढे करता यायला हवी. विचारताना आवाज मऊ ठेवा, इतकंच.

नियमांचं काय, असं कोणी म्हणेल. नियम आहेत. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम बघा : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द. शिवाय संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्सही करावा लागतो. हे सगळं हवंच. पण माझं ६.४० कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडलं नसतं. त्याचं साम्य शून्य टक्के होतं, एकदम 'मौलिक'!

आता मी काय करते ते सांगते, हवं तर उचला. प्रत्येक नोंदीपुढे वेळ. टेपचा मोबाईलवर फोटो. खिशात दोन पेन्सिली. चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे चूकही वाचता येते. जाता आलं नाही तर 'ओढ्याला पाणी, मोजलं नाही' असं लिहायचं. गाईडला वाईट बातमी त्याच आठवड्यात सांगायची, प्रबंध टाईप होत असताना नाही. आणि कोणी वही मागितली की पोटात अजूनही थोडं ढवळतं, ते खोटं कशाला बोलू. फक्त आता आवाज चढत नाही.

तर त्या विद्यार्थिनीला मी लिहिलं : पुढच्या मुलाखतीला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची वही सोबत ने. 'कशावरून' असं विचारलं तर ती उघडून समोर ठेव. तिचं लगेच उत्तर आलं, 'ताई, खूप खाडाखोड आहे, चांगल्या अक्षरात लिहून काढू का?'

नको. तशीच ने.