मराठी कीबोर्डचा फिरता पत्ता
२००१ साली विंडोज एक्सपी आली. तिच्यात मराठी टाइप करायचं तर कंट्रोल पॅनेल उघडायचं, 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये शिरायचं आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइलींसमोर टिक करायची. लगेच संगणक एक्सपीची सीडी मागे. ती नसेल त्याची मराठी तिथेच अडे. असेल त्याने पुढे 'डिटेल्स' दाबून इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा. वाट आडवळणाची, पण एकदा कागदावर उतरवून टेबलाला चिकटवली की वर्षानुवर्षं चाले. शिवाय एक्सपीने कंट्रोल पॅनेलची नवी, वर्गवार मांडणी आणताना जुन्या मांडणीकडे परतायचा दुवा शेजारीच ठेवला होता. एवढी माणुसकी तरी होती.

व्हिस्टापासून देवनागरी मुळातच आत आली आणि सीडीचं झेंगट सुटलं.

खरा गोंधळ २०१२ च्या विंडोज ८ पासूनचा. बोटाने चालवायच्या पडद्यासाठी 'पीसी सेटिंग्ज' हे वेगळं दालन उघडलं. माऊसवाल्यांसाठी कंट्रोल पॅनेलही राहिलं. २०१५ मध्ये विंडोज १० ने 'सेटिंग्ज' आणलं, तरी भाषेचं जुनं पान काही वर्षं कंट्रोल पॅनेलमध्येही होतंच. २०१९ च्या अपडेटमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आला. चांगली सोय! पण तो जोडायचा भाषेच्या पानावर, आणि भाषा बदलायचा शॉर्टकट ठरवायचा टायपिंगच्या पानावरून. तिथला दुवा दाबला की राखाडी रंगाची एक छोटी खिडकी उघडते: 'टेक्स्ट सर्व्हिसेस अँड इनपुट लँग्वेजेस'. एक्सपीत 'डिटेल्स' दाबल्यावर उघडायची, तीच ही.

मायक्रोसॉफ्ट जुनं कंट्रोल पॅनेल काढून का टाकत नाही? निव्वळ आळस म्हणता येत नाही. प्रिंटर आणि माऊस बनवणाऱ्यांनी आपापली पानं कंट्रोल पॅनेलमध्ये घुसवलेली, कचेऱ्यांतल्या आयटीवाल्यांची कामं त्याच खिडक्यांवर बेतलेली. पण मग जुनं पुरतं हलवून होईपर्यंत नव्या दालनाचं रंगरूप आणि मांडणी पुन्हा पुन्हा का बदलावी? विंडोज ११ ने २०२१ मध्ये तेच केलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर कंट्रोल पॅनेल निवृत्त होत असल्याचं वाक्य झळकलं. बातम्या झाल्या, आणि वाक्य मवाळ करण्यात आलं. ते काम मात्र झटपट झालं.