विश्लेषण : पायाचा विकार असलेला ‘रेड रम’ तीनदा ग्रँड नॅशनल कसा जिंकला?

लिव्हरपूलजवळ होणारी ग्रँड नॅशनल म्हणजे सुमारे सात किलोमीटर आणि ३० अडथळे. ही शर्यत तीनदा जिंकणारा एकमेव घोडा ‘रेड रम’. त्याच्या खुरातील हाडाला सूज येई. अशा घोड्याची कारकीर्द सहसा तिथेच संपते. प्रशिक्षक जिंजर मॅकेन मात्र त्याला साउथपोर्टच्या किनाऱ्यावर वाळूत पळवत, समुद्राच्या पाण्यात चालवत. पाय सुधारला. १९७३मध्ये खूप पुढे गेलेल्या ‘क्रिस्प’ला त्याने अगदी शेवटी गाठले. अर्थात, क्रिस्पच्या पाठीवर दहा किलोंहून अधिक जादा वजन होते, हे विसरून चालणार नाही. १९७४मध्ये सर्वाधिक वजन रेड रमवरच होते. तरीही तोच जिंकला. पुढची दोन वर्षे दुसरा. १९७७मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तो २५ लांबींनी पहिला आला. १९९५मध्ये त्याला तिथल्याच अंतिम रेषेजवळ पुरण्यात आले.